गाडीवाल्याचा झेंडा

मनोहर सोमकुंवर पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होता. ट्रंक कॉल जोडताना त्याची हिंदी इतकी स्वच्छ असायची की नागपूरचे, इटारसीचे, भोपाळचे लोक त्याला न पाहताच ‘साहब’ म्हणायचे. तारेवर कोणी कोणाला जात विचारत नाही. ती नोकरी त्याला आवडायची त्याचं हेही एक कारण होतं, पण ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

१९८६च्या चैत्रात त्याच्या आईनं एक दिवस जेवताना विषय काढला. देवकाबाईचा जन्म सौसरकडच्या शेतांत कापूस वेचण्यात गेला होता. आता गुडघे धरले होते. ती म्हणाली, “मनोहर, बुद्ध जिथं जनमले ते ठिकान मले एकदा पाह्यचं हाय. मंग डोळे मिटले तरी चालन.”

“माय, लुंबिनी नेपाळात आहे. परदेश आहे तो.”

“मंग? तिथं रस्ता नाई जात काय?”

रस्ता जात होता. आणि गाडीही होती. मनोहरची बायको चंद्रकला मोहगावची. तिचा धाकटा भाऊ दिलीप संत्र्याची मेटाडोर चालवायचा. मृग बहाराची संत्री उतरली की वैशाखात मेटाडोर रिकामी उभी राहायची. दिलीपनं ऐकलं आणि एका पायावर तयार झाला. त्यानं मागच्या हौद्यावर ताडपत्री ताणली, खाली गवत, त्यावर गाद्या टाकल्या, आणि म्हणाला, “भाऊजी, तुमी फक्त सुट्टी घ्या. मायले मी नेऊन आनतो.”

अशी सहा माणसं निघाली. मनोहर, चंद्रकला, देवकाबाई, दिलीप आणि दोन लेकरं: सात वर्षांची विशाखा आणि चार वर्षांचा नंदू.

छिंदवाडा, सिवनी, जबलपूर, रीवा. दिवसा झाडाखाली थांबायचं, तीन दगडांवर भात टाकायचा, ऊन कललं की पुन्हा निघायचं. विशाखा पहिल्या दिवसापासून पुढं मामाजवळ बसली. कधी मांडीवर, कधी गिअरच्या बाजूला. हॉर्न वाजवायचं काम तिच्याकडं होतं. मामा म्हणायचा, “हान,” की ती दोन्ही हातांनी रबरी भोंगा दाबायची आणि रस्त्यावरच्या बकऱ्या पळायच्या. मागं नंदू हट्टानं रडायचा, की मलाही भोंगा पाहिजे. मग दिलीप गाडी थांबवून त्यालाही पाच वेळा दाबू द्यायचा. चंद्रकलेला आपला भाऊ लेकरांत लेकरू झालेला पाहून हसू यायचं. लग्नानंतर इतके दिवस सलग ती त्याच्यासोबत कधी राहिली नव्हती.

सारनाथला मनोहरनं बुद्धाचा पंचरंगी झेंडा विकत घेतला. स्वतःच्या हातानं तारेनं आवळून त्यानं तो मेटाडोरच्या पुढच्या दांडीला बांधला. विशाखेला रंग म्हणून दाखवायला लावले. त्या दिवशी तो फार खुशीत होता. झेंडा वाऱ्यावर फडफडायला लागला तेव्हा देवकाबाईनं हात जोडले.

पाचव्या दिवशी दुपारी सोनौलीची सरहद्द ओलांडली. गाडीचे कागद दाखवले, नाक्यावरच्या माणसानं एक चिठ्ठी फाडून दिली आणि दांडा वर झाला.

“बाबा, परदेश सुरू झाला?” विशाखेनं केबिनच्या मागच्या काचेतून विचारलं.

“झाला.”

तिनं बराच वेळ बाहेर पाहिलं. “इथल्या म्हशी तं आपल्यासारख्याच हायेत.”

सगळे हसले. नंदू तेवढा हसला नाही. तो आईच्या मांडीवर डोळे मिटून पडला होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. भैरहवा गाव मागं पडलं आणि त्याला उलटी झाली. मग दुसरी, मग पाणी पाजलं तेही बाहेर आलं. अंग तव्यासारखं तापलं. लू लागली होती. चंद्रकलेनं ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर धरला, पण चालत्या गाडीत तो लगेच वाळायचा. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती, त्यामुळं भैरहव्यात धर्मशाळा, लॉज सगळं भरलेलं त्यांनी पाहिलंच होतं. मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

“गाडी थांबव,” चंद्रकला ओरडली. “दिलीप, सावली पाय कुठं तरी. पोरगं मान टाकून राहिलं!”

रस्त्याच्या कडेला आंब्याची चार-पाच झाडं होती, त्यांच्यामागं मातीच्या भिंतींचं, कौलारू, सारवलेलं घर. अंगणात हापशी. दिलीपनं गाडी झाडाखाली घातली, बादली घेतली आणि धावतच हापशीकडं गेला. मनोहर नंदूला घेतलेल्या चंद्रकलेसोबत ओसरीपाशी आला. घरातून साठीची एक बाई बाहेर आली. पांढरं लुगडं, गळ्यात तुळशीची माळ. तिनं पोराकडं पाहिलं, पुढं होऊन त्याच्या कपाळाला हात लावणार, तोच तिचा हात थांबला.

“कौन लोग हो, भैया?”

“मध्य प्रदेश से आए हैं, माताजी. पांढुर्णा. बच्चे को लू लग गई है.”

“वो तो दिख रहा है. बिरादरी कौन है?”

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. पाऊस येईल का, असं विचारावं तसं विचारलं होतं. मनोहरला नंदूची लोंबणारी मान दिसत होती. त्याच्या तोंडून शब्द निघाला तेव्हा तो त्याच्या एक्स्चेंजातल्या आवाजात निघाला, स्वच्छ आणि शांत.

“पटेल हैं, माताजी. खेती-बाड़ी वाले.”

चंद्रकलेनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला फक्त आत जायचं होतं. पण बाईची नजर आता आंब्याखालच्या मेटाडोरकडं गेली होती.

“और यह झंडा? ऐसे झंडे वाले तो हर साल इधर से जाते हैं. वो तो दूसरे लोग हैं.”

एक खोटं बोललं की दुसरं आपोआप तयार असतं. मनोहरला विचारही करावा लागला नाही.

“वो गाड़ीवाले का है. ड्राइवर उन्हीं में का है. गाड़ी किराए की है.”

दिलीप पाच पावलांवर होता. त्याचा एक हात हापशीच्या दांड्यावर होता.

“तो उससे कहो नल को हाथ न लगाए,” बाई म्हणाली. “पानी हम दे देंगे.”

हे दिलीपनंही ऐकलं होतं. तो आपणहून बाजूला झाला असता. पण बाई मनोहरकडं पाहत उभी होती. तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मनोहर बोलला. मराठीत बोलला असता तरी चाललं असतं, पण तो हिंदीत बोलला, मालकानं बोलावं तसा.

“दिलीप, नल से हट जाओ. पानी ये देंगी.”

दिलीपनं त्याच्याकडं पाहिलं, मग बहिणीच्या खांद्यावरच्या नंदूकडं पाहिलं. बादली खाली ठेवली आणि मागं सरत सरत मेटाडोरपर्यंत गेला.

त्यानंतर त्या बाईनं जे केलं ते सख्ख्या आजीनं केलं नसतं. तिनं नंदूला आतल्या थंड खोलीत आपल्या बाजेवर निजवलं. चुलीत कैऱ्या भाजल्या, त्यांचा गर त्याच्या तळपायांना, तळहातांना चोळला. पन्हं करून मीठ-साखर घातली आणि चमच्यानं थेंब थेंब पाजत दोन तास बसून राहिली. तोंडानं कसलं तरी स्तोत्र चाललं होतं. अंधार पडायच्या आधी नंदूला घाम आला. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, “भूक लागली.” चंद्रकलेनं बाईचे पाय धरले.

“अरे, हमारे भी पोते हैं,” बाई म्हणाली. “लखनऊ में हैं. साल में एक बार आते हैं.”

जेवायला तिनं मनोहरला ओसरीवर पाट मांडला. काशाची थाळी, भात, अरहरची डाळ, वर तुपाची धार. अंगणात आंब्याखाली दिलीपला पळसाच्या पानांवर वाढलं, हात उंच धरून. पाण्यासाठी त्याला ओंजळ करावी लागली. वरून लोट्यानं धार पडत होती, अर्धी कोपरावरून मातीत जात होती. पोरगा सत्तावीस वर्षांचा होता. मोहगावात त्यानं अशी ओंजळ कधी केली नव्हती. त्याच्या बापानं केली होती.

देवकाबाई ओसरीवर आलीच नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. पांढुर्ण्याच्या माणसाला हिंदी कळायला दुभाषी लागत नाही. बाईनं बोलावलं तेव्हा ती उठली, गाडीपाशी गेली आणि दिलीपच्या शेजारी मातीत बसली.

“माताजी वहाँ क्यों बैठ गईं?” बाईनं नवलानं विचारलं.

“बूढ़ी हैं. उनको खुले में ठीक लगता है,” मनोहर म्हणाला. हे तिसरं.

देवकाबाईनं दिलीपच्या पानातला भात खाल्ला. एकाच पानात दोघं जेवले. मनोहरच्या थाळीतलं तूप गोठायला लागलं. त्यानं कसंबसं संपवलं, कारण टाकलं तर बाई विचारील अशी त्याला भीती होती.

सकाळी नंदू अंगणात खेळायला लागला होता. बाईनं वाटेसाठी सातू बांधून दिला, विशाखेच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या. दिलीप गाडीचं बॉनेट पुसत होता. त्यानं नेहमीसारखे हात पसरले. “ये वो हॉर्नवाली, चाल.”

विशाखा पळत निघाली. बाई मागून म्हणाली, “ना बिटिया. उसको नहीं छूते. वो छोटी जात का है.”

विशाखा थांबली. हात मागं घेतला आणि फ्रॉकला पुसला. पुसायला काही नव्हतं, तरी पुसला. दिलीपचे पसरलेले हात तसेच राहिले काही क्षण. मग त्यानं फडकं उचललं आणि काच पुसायला लागला.

गाडी निघाली तेव्हा विशाखा मागं बसली. मैलभर गेल्यावर तिनं विचारलं, “बाबा, मामा छोट्या जातीचा आहे?”

मनोहर ताडपत्रीची दोरी आवळायला लागला.

“मंग आई कोनती? मामा तं आईचा भाऊ आहे.”

चंद्रकलेनं नंदूला मांडीवर ओढलं. ती म्हणाली, “विशाखा, तुया बाबाले इचार. त्यायले सगळं मालूम आहे.” आणि तिनं तोंड फिरवलं.

लुंबिनी जवळच होती. दगडी खांब, चौकोनी तळं, त्याच्या काठचं मोठं झाड, दूरदूरहून आलेली माणसं. देवकाबाईनं खांबाला डोकं टेकलं आणि रडली. चंद्रकलेनं नंदूला टेकवलं. मनोहरनंही हात जोडले, पण त्याचे डोळे मिटेनात. मिटले की त्याला ती ओंजळ दिसायची. दिलीप आलाच नव्हता. “तुमी जा, मी गाडी पायतो,” एवढंच बोलला होता. गाडीकडं पाहण्यासारखं तिथं काही नव्हतं.

मनोहर विशाखेला घेऊन तळ्याच्या पायरीवर बसला.

“बेटा, मामा छोटा नाही. आई छोटी नाही. आपण सगळे एकच आहोत. मी त्या आजीजवळ खोटं बोललो.”

“काऊन?”

“भ्यालो.”

“कोनाले? आजीले?” तिला खरंच कळेना. “ती तं चांगली होती ना बाबा.”

चांगली तर ती होतीच. हेच त्याला रात्रभर खात होतं. खरं सांगितलं असतं तर तिनं पोराला आत घेतलं असतं की नसतं? कदाचित घेतलं असतं. तिला लखनौचे नातू होते. त्यानं तिच्यावर घ्यायची किंवा न घ्यायची पाळीच येऊ दिली नव्हती. आणि झेंड्याचं काय? पोराच्या जीवासाठी ‘पटेल’ म्हटलं, हे तो स्वतःला समजावू शकत होता. पण झेंडा? त्याला सांगता आलं असतं, सारनाथला कोणीतरी बांधला. काहीही सांगता आलं असतं. त्यानं नेमका दिलीप पुढं केला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची वंदना करून परतताना आंब्याची झाडं दिसायला लागली तशी मनोहरनं हौद्यातून केबिनच्या काचेवर थाप मारली. दिलीपनं गाडी कडेला घेतली.

“काऊन थांबून राहिले, भाऊजी? पोरगं बरं आहे ना?”

“मी येतो पाच मिनिटांत.”

त्यानं विशाखेचा हात धरला. दोघं अंगण ओलांडून गेले. बाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. पाहून हसली. “आ गए? दर्शन हो गया?”

“माताजी, एक बात कहनी है.” त्याची स्वच्छ हिंदी कुठं गेली कोण जाणे, शब्द अडखळायला लागले. “हम पटेल नहीं हैं. हम बौद्ध हैं. पहले महार थे. वो ड्राइवर नहीं है. मेरी घरवाली का सगा भाई है. झंडा मैंने बांधा था. मैं झूठ बोला.”

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. तिनं मनोहरकडं पाहिलं, विशाखेच्या वेण्यांकडं पाहिलं. अजून कालच्याच होत्या त्या, तेल लावलेल्या. मग आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं, जिथं ती बाज होती.

“बच्चा अब कैसा है?” तिनं विचारलं.

“ठीक है.”

“तो जाओ.”

ना ‘बसा’ म्हणाली, ना ‘पाणी घ्या’. रागावलीही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो वळला. अर्ध्या अंगणात आला तेव्हा मागं हापशीचा आवाज सुरू झाला. बाज धुवायला पाणी काढते आहे, की म्हशीला पाजायला, हे त्याला मान वळवून बघता आलं असतं. त्यानं वळवली नाही. विशाखा मात्र मागं वळून वळून पाहत होती.

तो गाडीत पुढं, दिलीपच्या शेजारी बसला. दिलीपनं गाडी सुरू केली नाही.

“सांगतलं तिले?”

“सांगितलं.”

“बेस झालं.” दिलीप समोर रस्त्याकडं पाहत होता. “पन भाऊजी, एक इचारू? तिले सांगाले तुमी गाडी थांबवली. मले तं तुमी अजून काहीच म्हनलं नाई.”

दोन दिवस मनोहर मनात हेच घोळवत होता, लुंबिनीच्या पायरीवर बसला होता, पोरीला समजावत होता, परक्या बाईपुढं कबूल करायची तयारी करत होता. आणि दिलीप चार हातांवर गाडी चालवत होता. त्याच्याशी तो एक शब्द बोलला नव्हता. त्याच्यासमोर गेलं की लाज वाटायची म्हणून बोलला नव्हता. म्हणजे आताही त्यानं स्वतःचीच लाज सांभाळली होती.

“दिलीप,” तो म्हणाला, “माझं चुकलं रे. लई वाईट केलं मी.”

“नंदूसाठी केलं, मालूम आहे मले. तो माया भाचा आहे. तुमी मले डोळ्यानं नुसतं इचारलं असतं ना, तं मीच पुढं होऊन म्हनलो असतो, हो बाई, मी छोटा, मले दूर ठेव, पोराले आत घे. खुशीनं म्हनलो असतो.” त्याचा आवाज फाटला. “तुमी इचारलं नाई. तुमी हुकूम देल्ला.”

मागून चंद्रकला हुंदके द्यायला लागली. देवकाबाई एवढंच म्हणाली, “चाल बाबू, गाडी काढ. ऊन चढून राहिलं.”

परतीचे पाच दिवस गाडीत भोंगा फक्त दिलीपनंच वाजवला, गरज पडेल तेव्हा. विशाखा मागं आजीच्या मांडीवर पडून राहायची. तिला कोणी मना केलं नव्हतं. तिला पुढं जायची लाज वाटत होती, आणि सात वर्षांच्या पोरीला ती लाज आपण दिली, हे मनोहरला प्रत्येक मैलाला कळत होतं. रीव्याला झाडाखाली जेवण झाल्यावर त्यानं दिलीपच्या हातातून ताट घेऊन स्वतः धुतलं. दिलीप म्हणाला, “राहू द्या भाऊजी, अशानं नाई होत.” त्यात टोमणा नव्हता. खरंच होत नव्हतं.

पांढुर्ण्यात पोचले त्या संध्याकाळी वस्तीतली माणसं विहारापुढं जमली. नेपाळला जाऊन आलेलं त्या वस्तीत दुसरं कोणी नव्हतं. देवकाबाईला खुर्ची दिली. तिनं सारनाथ सांगितलं, गंगा सांगितली, नाक्यावरचा दांडा सांगितला. सगळे कान देऊन ऐकत होते. मग ती म्हणाली, “मंग नंदूले लू लागली. तं एका बाईच्या घरी थांबलो.” ती थांबली. तिनं मनोहरकडं पाहिलं. “इथून पुढचं मनोहर सांगन.”

मनोहर उभा राहिला. त्याला बोलायची सवय होती, भाषणंही तोच करायचा दर चौदा एप्रिलला. पण त्या दिवशी त्यानं खाली पाहत, तुटक तुटक सांगितलं. ‘पटेल’ सांगितलं, झेंडा सांगितला, ओंजळ सांगितली. काही लपवलं नाही. ऐकणाऱ्यांत कोणी मान खाली घातली, कोणी दुसरीकडं पाहिलं. म्हातारे दादाराव उठून न बोलता घरी गेले. त्यांना राग आला की त्यांचंच काही जुनं आठवलं, हे मनोहरला कधी कळलं नाही. ‘असं होतं बाप्पा कधी कधी,’ असंही कोणी म्हटलं नाही. दिलीप तिथं नव्हता. त्यानं त्यांना उतरवून दिलं होतं आणि मोहगावला निघून गेला होता.

तो पंधरा दिवसांनी आला. बहिणीच्या घरी जेवला, नंदूला खांद्यावर घेऊन बाजारात गेला, मनोहरशी पावसाचं बोलला, डिझेलचं बोलला. विशाखा दाराआड उभी राहून पाहत होती. त्यानं हात पसरले नाहीत. पसरायला भीत असावा.

ती त्याच्याजवळ जायला कार्तिक उजाडला. संत्र्याचा नवा बहार सुरू झाला होता, मेटाडोर दारात उभी होती, आणि दिलीप खाटेवर बसून चहा पीत होता. विशाखा आली, त्याच्या गुडघ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, मी त्या दिवशी हात पुसला होता.”

“मालूम आहे मले,” दिलीप म्हणाला.

“मले राग येते त्याचा.”

“कोनाचा?”

तिनं आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथं मनोहर दाढी करत होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. मग तिनं मामाकडं पाहिलं. “माया सोताचा,” ती म्हणाली.

दिलीपनं कप खाली ठेवला आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. मनोहर आरशासमोर तसाच उभा राहिला. तोंडावरचा साबण वाळून गेला, तरी त्याला बाहेर यायचं धाडस झालं नाही.